यंत्र सरकारचं, दुरुस्ती कोणाची?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविका जागोजागी बालविकास प्रकल्प कार्यालयांवर गेल्या आणि सरकारनं दिलेले मोबाईल त्यांनी टेबलावर ठेवून दिले. मानधनवाढीसाठी मोर्चे निघतात, संप होतात. हातात मिळालेली वस्तू हजारोंच्या संख्येनं परत करण्याची वेळ क्वचितच येते. हे फोन २०१९ मध्ये वाटलेले होते. रॅम दोन जीबी. ॲप दर अपडेटला जड होत गेलं, फोन तापू लागला, मध्येच बंद पडू लागला. वॉरंटी संपली, तसा दुरुस्तीचा काही हजारांचा खर्च सेविकेच्या माथी आला, आणि तिचं मानधन तेव्हा महिन्याला दहा हजारांच्याही आत होतं. त्यातच मार्च २०२१ पासून केंद्राचं ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आलं. त्यात माहिती भरायची ती इंग्रजीत. मराठीचा हा प्रश्न पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. नव्या फोनची मागणी फेब्रुवारी २०२३ च्या संपातही होतीच.

याला तंत्रज्ञानाचा विरोध म्हणणं साफ चुकीचं आहे. याच बायकांनी आधीची दोन वर्षं त्याच फोनवर बाळांची वजनं, उंची, लसीकरण, घरपोच आहार यांच्या नोंदी भरल्या होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की काम सरकारचं आहे, तर त्यासाठीचं यंत्र चालू ठेवणं हीही सरकारचीच जबाबदारी. सरकारी क्षेत्रातल्या संगणकीकरणाचा सगळा प्रश्न या एका मागणीत आहे. आपल्याकडे यंत्रं विकत घेण्याची व्यवस्था आहे, वाटण्याची आहे, वाटपाचे फोटो काढण्याचीही आहे. ती पुढची पाच वर्षं चालवण्याची व्यवस्था मात्र बहुतेक खात्यांत नाही, आणि जिथे नाही तिथे तो भार सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याच्या खिशावर पडतो.

सुरुवातीला हे इतकं जाणवत नव्हतं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ मध्ये सुरू झालं. पुढे बराच काळ संगणक म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातली एक थंड खोली आणि तिथला एनआयसीचा अधिकारी. यंत्रं मोजकी, जाणकार माणूस शेजारीच. नंतर सेतू केंद्रं आली, सातबारा संगणकावर चढला, २००६ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेनं खात्यांमागून खाती ऑनलाइन केली. महाराष्ट्रात २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, असंख्य फायली जळाल्या आणि ई-ऑफिसचा आग्रह एकदम वाढला. २०१५ मध्ये लोकसेवा हक्क कायदा आला. अमुक दाखला अमुक दिवसांत मिळणं हा नागरिकाचा हक्क झाला. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, आज तो १५ रुपयांत निघतो. हे यश खरं आहे. ज्यानं एकेकाळी उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फेऱ्या मारल्या, त्याला त्याची किंमत विचारावी. पण या प्रवासात यंत्र जिल्ह्याच्या खोलीतून निघून तालुक्याला, सज्जाला, गावाला, शेवटी सेविकेच्या पिशवीत पोचलं, आणि त्याच्यामागून दुरुस्तीचा माणूस काही आला नाही.

असं का होतं, ते खरेदीच्या फायलीत दिसतं. सरकारी अंदाजपत्रकात ‘१७-संगणक खर्च’ असं एक उद्दिष्ट शीर्ष असतं. त्यातली तरतूद वर्षभर थोडीथोडी सुटते आणि बरीचशी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. ३१ मार्चच्या आत खर्च झाला नाही तर निधी परत जातो. म्हणून घाईनं प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, मग सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर बोली. जेम ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं, त्याच वर्षी १ डिसेंबरला राज्याची नवी खरेदी नियमपुस्तिका आली. जुन्या दरकराराच्या पद्धतीपेक्षा यात पारदर्शकता नक्कीच वाढली. कोणी किती दर भरला हे दिसू लागलं. पण निवड शेवटी बहुतेक वेळा एल-वन म्हणजे सर्वांत कमी दराची. कागदावर प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क जुळली की यंत्र पात्र. त्याची बॅटरी तिसऱ्या वर्षी किती तास टिकेल, कंपनीचं सेवा केंद्र गडचिरोलीत आहे का, सुट्या भागांना किती दिवस लागतात, सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार, हे प्रश्न दराच्या तक्त्यात बसत नाहीत. वॉरंटी मागितली जाते, पण ती ‘ऑनसाइट’ असली तरी साइट म्हणजे बहुधा जिल्ह्याचं मुख्यालय धरलं जातं. वॉरंटी संपल्यावर वार्षिक देखभाल करार करायचा तर त्यासाठी पुढच्या वर्षी वेगळी तरतूद लागते आणि तिच्या मागे लागायला कोणी नसतं. नव्या खरेदीला उद्घाटन असतं, देखभाल कराराला नसतं.

कोणत्याही जुन्या तहसील कार्यालयाच्या मागच्या खोलीत जाऊन पाहावं. जाड काचेचे मॉनिटर एकावर एक रचलेले, त्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात योजनेचं नाव, वर्ष आणि जडवस्तू नोंदवहीतला क्रमांक. बाजूला पिवळे पडलेले यूपीएस, सुटे माउस, सुताच्या दोरीनं बांधलेल्या केबल. यातली कित्येक यंत्रं एखाद्या छोट्या भागाअभावी बंद पडलेली असतात: एक अडॅप्टर, एक बॅटरी. तो भाग आणायचा तर तीन कोटेशन. कोटेशन आणणाऱ्या कारकुनाला त्याच आठवड्यात पीक नुकसानीच्या याद्या भरायच्या असतात. मग तो शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर बसतो, नाहीतर घरचा लॅपटॉप आणतो.

घरच्या लॅपटॉपची ही गोष्ट महसूल खात्याला चांगली माहीत आहे. जमिनीच्या नोंदींतले बदल ऑनलाइन करणारं ई-फेरफार सुरू झालं तेव्हा अनेक तलाठ्यांनी पदरमोड करून लॅपटॉप, प्रिंटर आणि इंटरनेटचं डोंगल घेतलं. सरकारनं लॅपटॉप नंतर दिले. सज्जाचं कार्यालय म्हणजे काही गावांत भाड्याची खोली, तिथलं नेटवर्क बेभरवशाचं. म्हणून कितीतरी नोंदी रात्री उशिरा, सर्व्हर मोकळा असताना प्रमाणित झाल्या. शेतकऱ्याला फक्त ‘सर्व्हर डाउन आहे’ एवढंच ऐकू येतं आणि त्याचा राग समोरच्या तलाठ्यावर निघतो. २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं. त्या पदनामाबरोबर बिघाड झाल्यास दुसऱ्या दिवशी बदली यंत्र मिळण्याची हमी मिळाली असती तर गावाला जास्त उपयोग झाला असता.

ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाची अवस्था याहून बिकट. २०११ मध्ये संग्राम प्रकल्पातून हा तरुण नेमला गेला, २०१६ नंतर त्याच्या केंद्राला ‘आपले सरकार सेवा केंद्र’ हे नाव आलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीचे उतारे, दाखले, योजनांचे अर्ज सगळं त्याच्या बोटांवर. तो कंत्राटी, आणि मानधन महिनोन्‌महिने रखडल्याबद्दल त्याला वारंवार आंदोलन करावं लागलं. माणसाचा पगारच वेळेवर निघत नसेल तर प्रिंटरच्या टोनरची गोष्ट कोणापुढे काढायची?

रेशन दुकानात तर यंत्र बंद पडण्याची किंमत थेट पोटाला मोजावी लागते. राज्यात पन्नास हजारांवर रास्त भाव दुकानं आहेत आणि प्रत्येक दुकानात ई-पॉस मशीन. महिन्याच्या धान्याची वेळ. ऊसतोडीवरून आलेली एक आजी अंगठा लावते, यंत्र लाल दिवा दाखवतं. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा लावते. दुकानदार म्हणतो, दुसरं बोट लावा आजी. दुसरं, तिसरं. कोयता धरून धरून रेघा झिजलेल्या असतात. मग ठसा जुळतो, पण सिग्नल जातो. रांगेतल्या पन्नास जणांचा रोज बुडतो. २०२४ च्या पावसाळ्यात राज्यभर सर्व्हर इतका मंदावला की ऑफलाइन वाटपाला परवानगी द्यावी लागली. त्याच सुमारास जुन्या टू-जी मशीनच्या जागी फोर-जी मशीन आणि डोळ्याच्या बुबुळाची ओळख देण्याचं काम सुरू झालं. चांगलंच झालं, पण जुनी मशीन मंद आहेत हे दुकानदार वर्षानुवर्षं सांगत होते. ते ऐकायला वरपर्यंत सगळं ठप्प व्हावं लागलं, ही मला यातली सर्वांत दुखरी गोष्ट वाटते. कोणती मशीन दिवसाला किती वेळा अडते याची नोंद यंत्र स्वतःच ठेवत असतं. ती नोंद दर आठवड्याला वाचणारा माणूस नेमलेला असता तर बिघाड आधीच लक्षात आला असता.

शाळांचा अनुभव थोडक्यात सांगता येतो, कारण तो एकाच वळणाचा आहे. आयसीटी योजनेत हजारो शाळांना संगणक कक्ष मिळाले. पद्धत ‘बूट’ची: कंपनीनं उभारायचं, पाच वर्षं चालवायचं, मग शाळेकडे सोपवायचं. कंपनीनं नेमलेला संगणक शिक्षक कराराबरोबर गेला. संगणक शाळेकडे आले, तेही नेमके जुने झाल्यावर.

हा खर्चाचा आणि गैरसोयीचा भाग झाला. सुरक्षेचा भाग जास्त गंभीर आहे, कारण तो डोळ्याला दिसत नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजमधली एक फट बुजवणारा अपडेट दिला. दोन महिन्यांनी, मे महिन्यात, त्याच फटीतून ‘वॉनाक्राय’ हे खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत इंग्लंडमधल्या एक तृतीयांश रुग्णालय ट्रस्टना फटका बसला, हजारो रुग्णांच्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. अपडेट फुकट होता, दोन महिने उपलब्ध होता. तो लावलेला नव्हता, एवढंच. आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, ओपीडीचे केसपेपर पुन्हा हातानं लिहावे लागले, गाडी रुळावर यायला जवळपास दोन आठवडे गेले. नेटवर्कचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, हे कारण सरकारनं संसदेत दिलं. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयाची ही गत, तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातल्या, कोणीतरी पेनड्राइव्ह लावून गाणी वाजवलेल्या संगणकाचं काय असेल?

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही चिप लागते आणि साधारण २०१७ च्या अखेरीनंतरचेच प्रोसेसर चालतात. सरकारी कार्यालयांतले त्याआधीचे संगणक या अटीत बसत नाहीत. ही तारीख अचानक आलेली नव्हती, कंपनीनं ती अनेक वर्षं आधी जाहीर केली होती. कोणत्या कार्यालयात कोणतं यंत्र, कोणत्या वर्षाचं, कोणत्या आवृत्तीवर, अशी जिवंत यादी प्रत्येक जिल्ह्याकडे असती तर बदल तीन अंदाजपत्रकांत विभागून झाला असता. जडवस्तू नोंदवही ही जिवंत यादी नव्हे. तिच्यात यंत्र आलं कधी आणि कितीला, एवढंच कळतं. ते आज चालू आहे का, हे कळत नाही. इथे लिनक्स या मोफत प्रणालीचा विचार गंभीरपणे व्हायला हवा. सरकारच्याच सी-डॅक संस्थेनं बॉस ही लिनक्सवरची प्रणाली पूर्वीच केली आहे आणि ब्राउझरवर चालणाऱ्या बहुतेक कामांना जुनं यंत्र लिनक्सवर पुरतं. अडचण येते ती डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनची आणि जुन्या मराठी टंकांची. दोन्ही सुटण्यासारख्या आहेत, पण सोडवायला माणूस बसवावा लागेल.

मग नीट कसं करतात? दूर जायची गरज नाही. केरळनं शाळांपुरतं ते करून दाखवलं आहे. तिथे आयटी ॲट स्कूल प्रकल्प २००१ पासून चालू होता, २०१७ मध्ये त्याची ‘काइट’ ही सरकारी कंपनी झाली आणि ४५ हजार वर्गखोल्या हायटेक करण्याचं काम तिनं हाती घेतलं. लॅपटॉप, प्रोजेक्टर खरेदी करतानाच पाच वर्षांची वॉरंटी आणि विमा किमतीत धरला. तक्रार नोंदवायला पोर्टल आणि कॉल सेंटर. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर पुरवठादाराला दर दिवसाचा दंड. मुक्त सॉफ्टवेअर, त्यामुळे परवान्यांचा खर्च नाही, आणि शाळेत ‘लिटल काइट्स’ नावानं मुलांचे गट, जे किरकोळ अडचणी स्वतः सोडवतात. यात कुठलंही अद्भुत तंत्रज्ञान नाही. खरेदी करणारा आणि पाच वर्षांनंतर उत्तर देणारा एकच राहिला, एवढी एक गोष्ट वेगळी.

दुसरं उदाहरण आपण सगळ्यांनी अनुभवलेलं: पासपोर्ट. २००८ मध्ये टाटा कन्सल्टन्सीला काम मिळालं, २०१२ पर्यंत देशभर सेवा केंद्रं उभी राहिली. संगणक, कॅमेरे, नेटवर्क, समोरचे कर्मचारी कंपनीचे. कागद तपासून पासपोर्ट द्यायचा की नाही हा निर्णय मात्र सरकारी अधिकाऱ्याचाच. कंपनीला पैसे मिळतात ते पार पडलेल्या कामामागे आणि सेवेचा दर्जा राखला तर. त्यामुळे कॅमेरा बंद पडला तर तो लगेच बदलण्यात कंपनीचाच फायदा. पुण्या-मुंबईत पासपोर्ट काढून आलेला माणूस ‘सरकारी काम वाटलंच नाही’ म्हणतो, त्याच्या मुळाशी ही करारातली अट आहे.

अर्थात पासपोर्टचं शुल्क दीड हजार असतं, अंगणवाडीतल्या बाळाच्या वजनाला शुल्क नसतं. म्हणून तोच साचा सगळीकडे चालणार नाही. पण यंत्र विकत घेण्याऐवजी दरमहा भाड्यानं, दुरुस्ती-बदलीसकट घेता येतं, आणि हे आता अनेक ठिकाणी रुळलं आहे. फोन आणि लॅपटॉप कारखान्यातून निघतानाच खात्याच्या नावावर नोंदवता येतात; पहिल्यांदा चालू केले की ॲप, सेटिंग, भाषा आपोआप येते. हरवला तर दूरवरून पुसता येतो. अपडेट रात्री सगळीकडे एकदम जातो. पूर्वी याच कामासाठी प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये शंभर सेविकांना बसवून प्रत्येकीच्या फोनवर ॲप टाकत दिवस जायचा.

एक सावधगिरी मात्र हवी. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. एका ठिकाणाहून सगळं चालवायचं तर आधी थोड्या यंत्रांवर अपडेट तपासून मग टप्प्याटप्प्यानं सोडण्याची शिस्त लागते, आणि ही शिस्त पाळणारा कंपनीचा नाही तर सरकारचा माणूस असावा. तसंच, भाड्याचा करार संपल्यावर माहिती कोणाची, याची अट पहिल्या पानावर हवी. पोषण ट्रॅकरमध्ये १ जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. गरोदर बाईचा चेहरा, तिचं आधार, तिच्या बाळाचं वजन हे सगळं एका फोनमध्ये असतं. व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तो फोन सेविकेच्या घरी मुलगा अभ्यासाला वापरत असेल तर त्या कायद्याचं काय करायचं? दोष मुलाचा नाही आणि सेविकेचाही नाही. तिला चालू, वेगळा, पुरेसा फोन दिलेला नसला की हे घडतं.

हाच प्रश्न २०२७ च्या जनगणनेतही येणार आहे. ही पहिली डिजिटल जनगणना, आणि प्रगणकांनी ॲप वापरायचं आहे ते स्वतःच्या फोनवर. आपली ई-पीक पाहणीही १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याच्या स्वतःच्या फोनवर चालते. थोड्या दिवसांच्या कामाला हे परवडतं, खर्च वाचतो, ओळखीचा फोन असल्यानं काम भरभर होतं. रोजच्या, वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामाला मात्र ‘तुमचाच फोन वापरा’ म्हणणं म्हणजे सरकारचा खर्च कर्मचाऱ्याच्या पगारातून कापणं. जिथे असं करायचं तिथे डेटाचा आणि घसाऱ्याचा भत्ता ठरवून दिलाच पाहिजे.

शेवटी यंत्राच्या निरोपाचं. ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे जुनी यंत्रं नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच जायला हवीत. निर्लेखन समितीची बैठक लागत नाही म्हणून ती खोलीत पडून राहतात आणि एखाद्या दिवशी भंगारात जातात, हार्ड डिस्कसकट. त्या डिस्कवर गावाच्या याद्या, बँक खाती, जातीचे दाखले असतात. समितीच्या इतिवृत्तात ‘डिस्क पुसली’ हा एक रकाना वाढवायला पैसे लागत नाहीत.

मला विचाराल तर सुरुवात तालुक्यापासून करावी. प्रत्येक तालुक्याला एक तंत्रज्ञ, कंत्राटी नव्हे, मंजूर पदावरचा, कोणत्याही एका खात्याचा नसलेला. त्याच्या कपाटात तालुक्यातल्या एकूण यंत्रांच्या काही टक्के तयार फोन, लॅपटॉप, ई-पॉस आणि भरपूर अडॅप्टर. सेविकेनं सकाळी फोन करावा, दुपारपर्यंत बदली यंत्र तिच्या हातात, बिघडलेलं त्याच्याकडे. महिन्याअखेरीस त्यानं एकच पान जिल्ह्याला पाठवावं: तालुक्यात यंत्रं किती, आज चालू किती, बंद किती आणि किती दिवसांपासून. विधानसभेत आमदार ‘किती टॅब वाटले’ असा प्रश्न नेहमी विचारतात. त्याऐवजी त्यांनी हे पान मागावं, आणि अंदाजपत्रकात ‘१७-संगणक खर्च’ मंजूर करताना त्यातला ठरावीक हिस्सा देखभालीसाठी बांधून ठेवावा, मार्चमध्येही दुसरीकडे वळवता येणार नाही असा.